स्थानकाबाहेरची जमीन कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



उपनगरी रेल्वेस्थानकाबाहेर दुचाकी आणि मोटारी कोठे उभ्या कराव्यात, हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काहींच्या कपाळावर आठी पडणे स्वाभाविक आहे. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न दाराशी उभे असताना वाहनतळाची चर्चा म्हणजे स्कूटरवाल्या मध्यमवर्गाची चैन, असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण ते बरोबर नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने दररोज ७० लाखांच्या आसपास प्रवास होतात. ह्या सगळ्यांना एका अरुंद जागेतून आत जावे लागते आणि तेथूनच बाहेर पडावे लागते. महानगरात ह्या जागेइतकी दुर्मीळ जमीन दुसरी नाही. ती कोणाला, किती वेळ आणि कोणत्या मोबदल्यात वापरू द्यावयाची, हा वाटपाचा प्रश्न आहे. आणि वाटपाचा प्रश्न समाजवादी विचाराने क्षुल्लक मानला, तर मग त्याने विचार तरी कशाचा करावयाचा?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा ते अंतर ३४ किलोमीटरांचे होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि उपनगरांची वाढ वेगाने सुरू झाली. ह्या मार्गावरील जुनी स्थानके पायी येणाऱ्या माणसासाठी बांधलेली होती. स्थानकासमोर टांग्यांचा थांबा, त्याच्या पलीकडे बाजार, बाजारामागे चाळी आणि दुमजली घरे अशी त्या गावांची ठेवण होती. डोंबिवलीचा कारकून सकाळी घरातून निघे तो चालत, आणि संध्याकाळी परतताना भाजीची पिशवी घेऊन चालतच घरी जाई. स्थानकाबाहेर वाहन उभे करण्यासाठी जागा ठेवावी, हे त्या काळी कोणाच्या मनात आले नाही, कारण उभे करण्याजोगे वाहनच नव्हते. फार तर सायकल असे, आणि तिला भिंतीचा आधार पुरत असे.

पुढे काय झाले हे रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धान्ताच्या आधारे कोणत्याही पदवीपूर्व विद्यार्थ्याला सांगता येईल. स्थानकाजवळच्या जमिनीचे मोल वाढत गेले. चाळी पडल्या, इमारती उठल्या आणि नव्याने घर घेणारे कुटुंब स्थानकापासून दोन, मग चार, मग सहा किलोमीटर लांब ढकलले गेले. कल्याण–शीळ रस्ता, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, बदलापूर आणि वसई–विरार पट्ट्यातील दूरच्या वसाहती ह्या त्याच प्रक्रियेची अपत्ये आहेत. घर स्वस्त मिळाले असे त्या कुटुंबाला वाटते. वस्तुतः त्याने वाचविलेली रक्कम रोज हप्त्याहप्त्याने रिक्षात, पेट्रोलमध्ये आणि स्वतःच्या झोपेत फेडली जाते. स्थानकालगतच्या जमीनमालकाने आणि बिल्डरने जो खंड खिशात घातला, त्याची दुसरी बाजू म्हणजे त्या दूरच्या कुटुंबाची दुचाकी होय. तिच्याकडे केवळ चैनीची वस्तू म्हणून पाहणाऱ्याने हा संबंध ध्यानात घेतलेला नसतो.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. उपनगरी गाडीचे दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आहे. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरसाठी २६ रुपये झाले. म्हणजे एकट्या माणसाने घर ते स्थानक हे दीड किलोमीटरचे अंतर रिक्षाने जाऊन येऊन केले, तर दिवसाला ५२ रुपये आणि महिन्याच्या २५ दिवसांचे १,३०० रुपये होतात. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर ४८ किलोमीटर. त्याचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास ह्या रकमेच्या एका अंशात मिळतो. लांबचा प्रवास स्वस्त आणि दाराशी आलेला शेवटचा तुकडा महाग, असा हा उफराटा व्यवहार आहे. रिक्षा वाटून घेतली तर भार हलका होतो, पण रांगेत वेळ जातो आणि पावसाळ्यात तर रांगही राहत नाही. अशा माणसाने हप्त्यावर दुचाकी घेतली, तर त्याने मूर्खपणा केला असे कोणताही अर्थशास्त्रज्ञ म्हणणार नाही. रात्री साडेदहाच्या गाडीने उतरणाऱ्या परिचारिकेला किंवा मॉलमधील विक्रेतीला तर अंधाऱ्या रस्त्यावरून स्वतःच्या स्कूटीवर जाणे हीच काय ती सुरक्षितता आहे. तेव्हा स्थानकाबाहेर दुचाकी लावणाऱ्याला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करून हा प्रश्न सुटणार नाही.

परंतु सहानुभूती ही एक गोष्ट झाली आणि जागेचे गणित ही दुसरी. ते गणित निष्ठुर आहे. नगररचनेच्या आपल्याकडील मानकांप्रमाणे उघड्या वाहनतळावर एका मोटारीला, वळण्याची वाट धरून, २३ चौरस मीटर जागा लागते. तळघरात हाच आकडा ३२ वर जातो. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला मिळणारे घर २२५ चौरस फुटांचे होते, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटरांचे. (पुढे ते क्षेत्र वाढविण्यात आले, ही गोष्ट वेगळी.) ज्या शहराने पाच माणसांच्या संसाराला मोटारीपेक्षा कमी जागा पुरेशी मानली, त्या शहरात स्थानकासमोर दिवसाचे दहा तास निश्चल उभ्या राहणाऱ्या मोटारीला जमीन द्यावी असा आग्रह कोणी धरला, तर त्याची जबाबदारी त्याने स्वीकारली पाहिजे.

स्थानकालगत एक हजार चौरस मीटरांचा भूखंड आहे असे समजा. त्यावर मोटारी उभ्या केल्या तर त्रेचाळीस राहतील, आणि बहुतेक मोटारींतून एकेकच माणूस उतरलेला असेल. दुचाकीला वाट धरून ढोबळमानाने सव्वातीन चौरस मीटर मोजले, तर तेथे तीनशे दुचाकी राहतील. आता त्याच भूखंडाच्या एका कडेला बसचा एकच थांबा केला आणि दर पाच मिनिटांना पन्नास उतारू घेऊन एक बस आली, तर तासाला सहाशे आणि सकाळच्या तीन तासांत अठराशे माणसे उतरतील; शिवाय भूखंडाचा बराचसा भाग मोकळाच राहील. बस उतारू सोडून परत जाते. वाटून घेतलेली रिक्षाही परत जाते. वाहनतळावरचे वाहन मात्र मालक फोर्टात खर्डेघाशी करीत असेतोवर सार्वजनिक जमिनीवर बसून राहते. अर्थशास्त्राच्या भाषेत ह्या जागेचा वैकल्पिक खर्च अतिशय मोठा आहे, आणि तो कोणाच्याच हिशेबवहीत नोंदला जात नाही.

विल्यम विक्री ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ सालीच रस्त्याकडेच्या जागेला मागणीनुसार किंमत लावण्याची कल्पना मांडली. त्याला १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वाटेने पुढे जाऊन अमेरिकेतील डोनाल्ड शूप ह्यांनी २००५ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि फुकट वाहनतळ प्रत्यक्षात फुकट नसतो, त्याची किंमत घरभाड्यात, मालाच्या भावात आणि करात मिसळून वाहन नसलेल्यांकडूनही वसूल होते, हे दाखविले. समाजवादी मंडळींना ‘किंमत’ ह्या शब्दाचा संशय येतो, आणि तो अनाठायी नाही. पैसे मोजा आणि जागा घ्या असे म्हटले की जागा श्रीमंताला मिळते, हे पाणी, शिक्षण आणि औषधोपचार ह्या तिन्ही बाबतींत अनुभवाला आले आहे. पण येथे फुकटपणा कोणाच्या पदरात पडतो ते पाहावे. पायी येणाऱ्याला त्याचा लाभ शून्य, सायकलवाल्याला चिमूटभर, दुचाकीवाल्याला मूठभर आणि मोटारवाल्याला ओंजळभर. जितके वाहन मोठे तितके अर्थसाहाय्य अधिक! आणि आजही स्थानकावर येणारे बहुसंख्य लोक पायीच येतात. त्यांच्या वाट्याला येतो तो वाहनांच्या दोन रांगांमधून वाट काढण्याचा व्यायाम.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने ही गोष्ट कागदावर मान्य केली आहे. रस्त्याच्या जागेचे वाटप वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी ठेवून व्हावे, वाहन उभे करण्याचे शुल्क व्यापलेल्या जमिनीच्या खऱ्या मोलाशी जुळावे, आणि वाहनतळाच्या जागेत सार्वजनिक वाहनांना व सायकलींना अग्रक्रम असावा, असे ते धोरण सांगते. धोरण उत्तम आहे. ते कोणत्या स्थानकाबाहेर राबविले गेले, असे विचारले की मात्र उत्तर देणारा सापडत नाही.

ह्याचे एक कारण हद्दींच्या विभागणीत आहे. कुंपणाच्या आतली जमीन रेल्वेची, बाहेरचा रस्ता महापालिकेचा, रस्त्यावरची शिस्त वाहतूक पोलिसांची, रिक्षाचे परवाने परिवहन कार्यालयाचे आणि बस परिवहन उपक्रमाची. पाच यजमान आणि पाहुणा उपाशी, अशी ही पंगत आहे. रेल्वेच्या दृष्टीने वाहनतळ ही उतारूंची सोय कमी आणि भाड्याव्यतिरिक्त उत्पन्नाची बाब अधिक. ठेका जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला मिळतो. २०२२ पासून हे लिलाव संगणकावर होऊ लागले. त्यामुळे व्यवहारात काही पारदर्शकता आली असेल, पण कसोटी तीच राहिली. ज्याने सर्वाधिक बोली लावली तो ती वसूल करणारच. मग हँडलला हँडल भिडवून गाड्या कोंबल्या जातात, कडेच्या पायवाटेवर दोन ओळी वाढतात, आणि ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेली पावती हातात पडते. पैसे घ्यावयाचे ते राखणीचे, आणि राखणीची जबाबदारी मात्र मालकाची! पावत्या फाडणाऱ्या पोरांच्या पगाराची आणि कामाच्या तासांची चौकशी तर कोणी करीतच नाही. कामगार संघटनांनीही आजवर तिकडे फारसे लक्ष दिलेले नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

हद्दींचा हा तिढा सुटूच शकत नाही असे नाही. ठाण्याच्या पश्चिमेला स्थानकासमोर उन्नत मार्ग बांधून परिवहन सेवेच्या बसगाड्या वर नेल्या गेल्या, तेव्हा बस, रिक्षा आणि पादचारी ह्यांच्या वाटा वेगळ्या करता येतात हे दिसून आले. त्या योजनेत उणिवा आहेत, खाली कोंडीही आहे. पण महापालिका आणि रेल्वे एका नकाशावर येऊ शकतात एवढे तरी सिद्ध झाले. नवी मुंबईचे उदाहरण ह्याहून मोठे आहे. १९९२ मध्ये खाडी ओलांडून वाशीपर्यंत उपनगरी गाडी आली; त्या मार्गाचा दोनतृतीयांश खर्च सिडकोने आणि एकतृतीयांश रेल्वेने उचलला होता. स्थानकाचा आराखडा करतानाच समोरचे प्रांगण, बसथांबे आणि वाहनतळ आखलेले होते. डोंबिवलीहून वाशीला उतरणाऱ्याला ती ऐसपैस जागा पाहून हेवा वाटतो.

तो हेवा वाटत असताना एक गोष्ट विसरू नये. ती जागा ऐसपैस राहिली, कारण सगळी जमीन आधीच सार्वजनिक मालकीची करण्यात आली होती. आणि ती झाली पंच्याण्णव गावांतल्या शेतकऱ्यांकडून आणि मिठागरांवर राबणाऱ्यांकडून. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. नव्या मुंबईतील स्थानकांसमोरच्या जमिनीची किंमत कोणी तरी चुकती केली आहे. ती आता मोटार उभी करण्यासाठी नाममात्र दराने वापरावयास द्यावी काय, हा प्रश्न तेथील प्रकल्पग्रस्तांच्या नातवंडांनी विचारला तर त्यात गैर काय?

आता फेरीवाल्यांकडे वळू. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. पूल अरुंद होता, गर्दी वाढलेली होती. पण त्यानंतर कारवाईचा रोख फेरीवाल्यांवर वळला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरांच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. वाट मोकळी हवी, ह्याबद्दल वाद नाही. फेरीवाल्यांमुळे अडथळा होतो, हेही खरे. त्यासाठी २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समित्या आणि विक्रीच्या जागांची आखणी सुचविलेली आहे, आणि ते काम बहुतेक महापालिकांनी अर्धवट ठेवले आहे. परंतु एक चौरस मीटर जागेत टोपली मांडून दिवसभरात शेकडो उतारूंना भाजी देणारी बाई १५० मीटरांबाहेर, आणि दीडपट-दुप्पट जागा अडवून दिवसभर कोणाच्याही उपयोगी न पडणारे वाहन त्याच पदपथावर जसेच्या तसे, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? वाट मोकळी ठेवण्याचे तत्त्व असेल तर ते प्रथम निश्चल वस्तूला लावावे, पोट भरणाऱ्या माणसाला नंतर. डबेवाल्यांच्या सायकली मात्र ह्या हिशेबात वेगळ्या मोजाव्या लागतील. त्यांचे स्थानकाबाहेर उभे राहणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग आहे.

ह्या सगळ्यावर नगरसेवकांचे एक ठरलेले उत्तर असते: बहुमजली वाहनतळ. निवडणुकीच्या आधी त्याचे भूमिपूजन होते. कार्यकर्त्यांनी ह्या मागणीपासून सावध राहावे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(२४) हे कलम घालून, सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र देण्यात आले. वाहनतळ उभे राहिले, त्यांच्यापेक्षा उंच मनोरेही उभे राहिले. पण वाहनतळांतले अनेक रिकामे राहिले, कारण बाहेर रस्त्यावर गाडी फुकट उभी करता येत होती. अखेर जुलै २०१९ मध्ये महापालिकेला त्या वाहनतळांच्या आसपास बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांना हजारो रुपयांचा दंड जाहीर करावा लागला. वाहनतळाच्या नावाने चटईक्षेत्राचा व्यापार झाला, एवढाच ह्या कथेचा मथितार्थ. शिवाय स्थानकाच्या दारात मोटारींसाठी मजले चढविले, की आज बसने येणारा उद्या मोटार काढतो आणि अरुंद रस्ता आणखी तुंबतो. जागा वाढविल्याने मागणी भागत नाही, वाढते.

जेथे ह्या प्रश्नाचा नीट विचार झाला तेथे प्रथम सायकलीला मान मिळाला. जपानने १९८० मध्ये स्थानकांभोवतीच्या सायकलींच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदा केला. नेदरलँड्समधील उट्रेख्त स्थानकाखाली २०१९ मध्ये १२,५०० सायकलींचा तळ पूर्ण झाला. हे देश श्रीमंत आहेत, असे त्यावर कोणी म्हणेल. सायकल तर गरिबाचे वाहन आहे! आपल्याकडे ती स्थानकाबाहेरून हद्दपार झाली, कारण तिला बांधून ठेवायला खांब नाही, आणि रस्त्यावर तिच्यासाठी बोटभर जागा नाही.

खरा उपाय बसमध्ये आहे, आणि नेमकी तीच यंत्रणा खंगत चालली आहे. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले तेव्हा उतारू वाढले होते. मे २०२५ मध्ये ते दुप्पट, म्हणजे १० रुपये करण्यात आले. स्वतःच्या मालकीच्या गाड्या घटत गेल्या, भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर भिस्त वाढली. ठाणे, कल्याण–डोंबिवली, वसई–विरार येथील परिवहन सेवांची अवस्था तर विचारूच नये. घरापासून स्थानकापर्यंत दर दहा मिनिटांनी बस मिळाली, आणि रेल्वेच्या मासिक पासात थोडी भर घालून तोच पास बसमध्ये चालू लागला, तर निम्म्या दुचाकी सोसायटीच्या आवारातच राहतील असे मानण्यास जागा आहे. मधु दंडवते १९७७ ते १९७९ ह्या काळात रेल्वेमंत्री होते, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी घातली. गोष्ट लहान होती. पण बहुसंख्यांच्या वापरातली वस्तू चांगली करणे हेच सार्वजनिक खर्चाचे पहिले काम, हे त्या दोन इंचांनी देशाला समजले. स्थानकाबाहेर तशा दोन इंचांची वाट पाहिली जात आहे.

तोपर्यंत शुल्काचा प्रश्न उरतोच. मोटारीला जमिनीच्या बाजारभावाशी जुळणारे तासागणिक शुल्क असावे. ज्याला परवडत नाही त्याने बसने यावे आणि ज्याला परवडते त्याने पुरते पैसे मोजावेत. दुचाकीसाठी रेल्वेच्या मासिक पासाशी जोडलेला, सवलतीचा पण फुकट नसलेला मासिक परवाना असावा, आणि त्यात राखणीची जबाबदारी ठेकेदारावर असावी. रात्रपाळीच्या स्त्री कामगारांसाठी प्रवेशद्वाराजवळची, दिव्याखालची जागा राखून ठेवावी. सायकल आणि अपंगांचे वाहन ह्यांना काहीही शुल्क नसावे. आणि जमा होणारी रक्कम रेल्वेच्या किंवा महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत बुडवू न देता त्याच स्थानकाच्या बससेवेसाठी आणि पदपथासाठी वेगळी ठेवावी. शेवटची अट मान्य झाल्याशिवाय शुल्कवाढीला पाठिंबा देऊ नये. ती वगळली तर उरतो तो निव्वळ नवा कर.

ह्यासाठी माहिती लागेल, आणि ती कोणत्याही कार्यालयात तयार मिळणार नाही. प्रत्येक शाखेने आपापल्या स्थानकावर एका कामाच्या दिवशी सकाळी ६ ते १० ह्या वेळात चार कार्यकर्ते उभे करावेत. पायी, बसने, रिक्षाने, सायकलने, दुचाकीने आणि मोटारीने किती माणसे आली, ह्याची दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यावी. दुपारी १ वाजता पदपथावर किती वाहने उभी आहेत ते मोजावे आणि पदपथाची मोकळी रुंदी टेपाने मापावी. वाहनतळाच्या ठेक्याची रक्कम, मुदत आणि मंजूर वाहनसंख्या ह्यांची माहिती माहितीच्या अधिकाराखाली रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडे आणि महापालिकेकडे स्वतंत्र अर्ज करून मागवावी. ठेक्याची मुदत संपण्यापूर्वी ही माहिती हाती आली, तर नव्या लिलावाच्या अटींवर हरकती घेता येतील; महापालिकेचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे येते तेव्हा, म्हणजे जानेवारी–फेब्रुवारीत, बसच्या तरतुदीवर बोलता येईल. मोजणीसाठी पावसाळ्यातला एक दिवस आणि हिवाळ्यातला एक दिवस घ्यावा, कारण पावसात रिक्षांची रांग आणि दुचाकींची संख्या ह्या दोन्ही बदलतात.